मी जिती हाये, पोच द्या

"तू उभी राह्य माझ्या नंबरवर. तुले तं हयातीचा दाखला द्याचाच नाही."

बडेबाबूची बायको मले असं म्हनली. मोहाडीच्या बँकेत, भर रांगेत. नोव्हेंबर महिना, पेन्शनवाल्यायची ही गर्दी. मी तं खात्यात चार पैसे उरले का ते पाहाले आली होती. बडेबाबू, म्हंजे आमच्या हापिसचे हेडक्लार्क, मेले, आता त्यायची पेन्शन हिले भेटते. जिंदगीत एक फाईल उचलली नाही हिनं. बाई पंख्याखाली खुर्चीवर जाऊन बसली, अन् तिचं पासबुक हातात धरून मी उभी राह्यली. सवयच तशी लागली होती.

मी बी सरकारी नोकरीतूनच रिटायर झाली. बडेबाबूच्याच हापिसात शिपाई होती. पहिले बारा वर्सं रोजंदारीवर. मंग कायमचा आर्डर आला, दिवाळीच्या तोंडावर. बडेबाबूनं तो ड्रावरात टाकला. म्हने, "दिवाळी होऊ दे, मंग हजर हो."

काहून? रोजंदारीची बाई घरी राबाले बलावता येते. कायम झाली का नाही म्हनते. त्या हप्त्यात मी याच बाईच्या घरचे जाळे काढले, भिती चुन्यानं पोतल्या. हिनं अंगनात करंजी देल्ली. वरून टाकली, हाताले हात लागू नये म्हनून. मी खाल्ली बी. आजवर लाज वाटते त्याची.

दिवाळी झाली, मी हजर झाली. त्याच सालच्या एक नोव्हेंबरपासून हजर होनाऱ्या नव्या लोकायची जुनी पेन्शन सरकारनं बंद केली होती, दिवाळीच्या आंधी हजर झाली असती तं मले भेटली असती. माझं म्हातारपन मी तिच्या भितीले पोतून आली.

रिटायर झाली तं माझ्याच पगारातून कापलेलं एकदाच हातात देल्लं. घरावर टिना टाकल्या, खतम. आता महिन्याले काही येत नाही. बीपीची गोली अर्धी तोडून खाते. या वयात दुसऱ्याचे धान कापाले जाते.

खरं सांगते, जळते मी. तिच्या पाटल्यायवर नाही, चष्म्यावर नाही. खुर्चीवर बसून ती कुरकुरत होती, "दरसाली जिवंत हाओत म्हनून सांगा, काय कटकट हाये!" त्या कटकटीवर जळते. सरकार तिले दरसाली विचारते, बाई, जिती हायेस ना? मले कोनी विचारत नाही. मी मेली काय, राह्यली काय.

नंबर आला. काचेमागची पोरगी म्हनली, "आजी, अंगठा ठेवा इथं."

मी माझा अंगठा पाह्यला. विळ्यानं चिरलेला.

बाईनं खुर्चीवरूनच हाक देल्ली, "थांबव त्या पोरीले, मी येऊन राह्यली!"

पासबुक मी काचेपुढं ठेवलं. म्हनली, "हे माझं नाही. ती बसली हाये तिकडं. तिले म्हना, रांगेत ये." अन् मांगच्या म्हाताऱ्याले पुढं जाऊ देल्लं.

"अवं, माजली का तू!" बाई वरडली. मी वळून पाह्यलं बी नाही.

सरळ जुन्या हापिसात गेली. सारी जिंदगी डाक वाह्यली मी. एक गोष्ट पक्की ठाव हाये. आवकले कागद देल्ला का पोच द्याच लागते. कोऱ्या कागदावर लिहलं, "मी जिती हाये. बारा वर्सं रोजंदारी केली, मंग कायम झाली. माझी पेन्शन कुठी हाये?"

आवकचा बाबू हासला. "मावशी, याचं काय होनार हाये?"

"ते मी पाह्यते. तू शिक्का मार."

मारला त्यानं. आता दर नोव्हेंबरात जाईन. ज्या साली माझा कागद येनार नाही, त्या साली मी मेली समजा. तोवर माझी फाईल कोनाले बंद करू देत नाही.