राजाला मारणारे सिव्हर्टमामा

माझे सिव्हर्टमामा दर जुलैत ओलाफ राजाला मारायचे. एरवी त्यांच्या हातून मेंढीसुद्धा मरत नसे. मेंढ्या कापायच्या दिवशी ते डोंगरात निघून जायचे आणि गुरोमामी शेजारच्या हालस्टेनला बोलवायची.

आमच्या गावात संत ओलाफच्या सणाला चर्चमागच्या कुरणात नाटक व्हायचं. ओलाफ तरुणपणी समुद्रावर लुटालूट करत हिंडला, बाप्तिस्मा घेऊन परतला, नॉर्वेचा राजा झाला. सगळा देश ख्रिस्ताच्या पायाशी आणायचा या हट्टापायी त्यानं पुष्कळांना दुखावलं, काहींचे तर डोळे काढले. जमीनदारांनी त्याला हाकलून दिलं. तो परत आला आणि लढाईत पडला. त्याला भाला मारला तोरे हुंडनं. हुंड म्हणजे कुत्रा. राजाचं रक्त तोरेच्या जखमी हातावर ओघळलं आणि जखम भरून आली, असं सांगतात. वर्षानं प्रेत उकरलं तर केस आणि नखं वाढलेली. मग मारणारेच त्याला संत म्हणू लागले.

आमचा तोरे म्हणजे मामा. लाल दाढी, दारातून वाकून यावं लागेल एवढी उंची. राजा व्हायचा हालस्टेन. दोघांचे कपडे मी शिवायचे. गावातली पोरं मामांना पाहून भुंकायची, आणि मामा टोपी उचलून त्यांना मान द्यायचे.

मग एका कोरड्या उन्हाळ्यात हालस्टेननं ओढ्याचं पाणी आपल्या शेताकडे वळवलं. मामा विचारायला गेले तर म्हणाला, "पाणी उताराकडे जातं, सिव्हर्ट. माझं शेत उतारावर आहे, त्याला मी काय करू?"

बोलणं बंद झालं. नाटक मात्र दोघांपैकी कुणीच सोडेना. वर्षभर ते एकमेकांना बघून वाट बदलायचे आणि जुलैत तेवढे नाटकातले शब्द बोलायचे. यंदा कुत्रा खरंच चावतो का, हे बघायला पलीकडच्या गावांतूनही माणसं यायला लागली.

"यंदा जरा जोरात मार," भाल्याचं लाकडी टोक रंगवता रंगवता मामी म्हणायची.

"तिथं हालस्टेन नसतो गं. राजा असतो."

"तो राजाच आपलं पाणी पितोय."

असे बरेच उन्हाळे गेले. एका वर्षी सकाळपासून रिमझिम होती. ज्या दगडाला टेकून राजा मरतो, तो निसरडा झाला होता. भाला लागला आणि हालस्टेन घसरून धाडकन खाली आला. ठरल्याप्रमाणे मामा गुडघ्यांवर बसले, राजाचा हात हातात घेतला. प्रेत डोळे न उघडता म्हणालं, "सिव्हर्ट, मला उठता येत नाहीये."

"नाटकं करू नकोस."

"खुबा मोडला रे माझा."

मामांनी भाला फेकला, त्याला दोन्ही हातांवर उचललं आणि लोकांमधून पाद्रीबुवांच्या गाडीकडे चालू लागले. लोकांना वाटलं, यंदा नाटकात नवीन घातलंय. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. कुणीतरी भजन धरलं आणि सगळं कुरण गाऊ लागलं. मी राजाचा मुकुट घेऊन मागून धावत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"सावकाश चाल, मेल्या."

"मेलायस तू. गप्प पड."

थोडं पुढे गेल्यावर हालस्टेन म्हणाला, "पाणी सोडायला सांगतो उद्या."

"आधी श्वास घे," मामा म्हणाले.

त्या उन्हाळ्यात मामांनी दोन्ही शेतांतलं गवत कापलं, वाळवलं, कोठारात भरलं. हालस्टेन काठी टेकत हिंडू लागला, पण राजा होणं संपलं. पाद्रीबुवांनी मुकुट मामांपुढे धरला, तर मामा म्हणाले, "मी मारलंय त्याला. त्याच्या जागेवर कसा उभा राहू?" बँकेतल्या एका देखण्या कारकुनाला राजा केलं. पण त्याच्यासमोर मामांचा भाला नुसताच लटपटायचा. दोनेक वर्षांत नाटक बंद पडलं.

त्यानंतर सणाला मामा, हालस्टेन आणि मी असे आम्ही तिघं बसनं नीडारोसच्या मोठ्या चर्चला जायचो. मामी डब्यात पातळ भाकऱ्या आणि तपकिरी चीज द्यायची. राजाला एके काळी तिथंच ठेवलं होतं. आता तो नेमका कुठं पुरलाय, कुणालाच माहीत नाही. आम्ही शेवटच्या बाकावर बसायचो. हालस्टेनला कमी ऐकू यायचं, त्यामुळे प्रवचन ऐन रंगात आलं की तो मोठ्यानं म्हणायचा, "मारलंस तू, आणि ठेवलंयस कुठं ते तुलाच सांगता येत नाही." पुढचे लोक वळून बघायचे. मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

आता दोघंही नाहीत. मी अजून जाते, त्याच बाकावर बसते. प्रवचन अगदी शब्दन्‌शब्द ऐकू येतं.