कामाच्या दिवसाचा डबा

तुळशीरामला डायबेटिस निघाला तेव्हा गावातल्या अर्ध्या घरांत तो आधीच येऊन बसला होता. त्यामुळे सहानुभूती काही मिळाली नाही, सल्ले मात्र भरपूर मिळाले. एकाने कारल्याचा रस सांगितला, दुसऱ्याने जांभळाच्या बियांची पूड. ज्याच्या पायाचा अंगठा गेल्याच वर्षी कापला होता त्याने सांगितलं, काय होत नाय, खा बिनधास्त. तुळशीरामच्या बायकोने, वेणूने, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि नवऱ्याचा भात बंद केला.

ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवला त्या घरात भात बंद करायचा म्हणजे देव्हारा माळ्यावर नेऊन ठेवण्यातलाच प्रकार. शेती आता टॉवरांखाली गेली होती. गावाला पनवेल म्हणावं की गाव म्हणावं, हे पोस्टमनलाही ठरवता येत नव्हतं. तुळशीराम जासईच्या बाजूला एका कंटेनर गोदामात पोती चढवायचा-उतरवायचा. वय छप्पन, पोतं पन्नास किलोचं. वेणूने त्याला डब्यात दोन पातळ नाचणीच्या भाकऱ्या आणि मुठीत मावेल एवढी पालेभाजी द्यायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी अकरा वाजता तो घामाने निथळून पोत्यांवर बसला आणि गोरख मुकादमाला म्हणाला, "बाय, जरा पानी दे." गोरखला चांगल्या दाट मिशा आहेत.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी मग वेणूलाच झापलं. "अहो, हा माणूस दिवसभर ओझी उचलतो! गोळी द्यायची आणि उपाशी ठेवायचं? साखर खाली जाऊन एखाद दिवशी पोत्याखालीच जाईल तो. कामाच्या दिवशी पोटभर द्या. रविवारी घरी बसला की कमी."

त्या दिवसापासून डबा हा वेणूचा हुद्दाच झाला. पहाटे उठून ती तीन पुडांचा स्टीलचा डबा भरायची. वरच्या पुडात दोन जाड नाचणीच्या भाकऱ्या आणि नवऱ्याचं तोंड उतरू नये म्हणून एक तांदळाची. मधल्यात वालाचं बिरडं नाहीतर मूग, सोबत अंडं किंवा सुकट. खालच्यात काकडी, कांदा आणि मुठीने मोजलेला भात. दहाच्या सुट्टीसाठी चणे-शेंगदाण्यांची पुडी निराळी, आणि चक्कर आलीच तर तोंडात टाकायला शर्टाच्या खिशात साखरेची पुडी. "साखर सोडायची म्हनून साखर खिशात घेऊन फिरनारा मी एकलाच," असं तुळशीराम गोदामाच्या गाडीत सगळ्यांना सांगायचा.

संध्याकाळी साखर मोजायची मशीन निघायची. ती त्यांची लेक अंकिता हिने दिलेली. अंकिता पनवेलात एका लॅबमध्ये कामाला होती. वेणू नवऱ्याच्या बोटाला सुई टोचायची, चष्मा सावरून आकडा वाचायची, आणि शेजारची सुमती कुंपणापलीकडून विचारायची, "वयनी, आज पास का नापास?"

"एकशे अडतीस!" वेणू अशा आवाजात सांगायची की जणू पोरगा दहावीला बोर्डात आला. रविवारी मात्र अर्धं जेवण देऊनही आकडा दोनशेला टेकायचा. त्या दिवशी सुमतीला उत्तर मिळत नसे.

गणपती गेले आणि आकडे बिघडले. दोनशे चाळीस. दोनशे सत्तर. एकदा तीनशेला पाच कमी.

"भायेर काय खाल्लंत?" वेणू विचारायची.

"तुझा डबा."

"आनि?"

"आनि तुझी बोलनी. दोनी रोज खातो."

वेणूने पँटचे खिसे पाहिले, जिलबीचा कागद सापडला नाही. शर्टाचा वास घेतला, वड्याचा वास नव्हता. घामाचाही नव्हता. पाठीवर घाम वाळून जी पांढरी रेघ उमटते, जी घासता घासता तिची बोटं दुखायची, ती कधीची गायब होती. साबण चांगला निघाला, असं तिला वाटलं होतं.

डब्याचंही तसंच. गोदामातल्या टोळीची रीत होती की सात डबे मधोमध उघडायचे आणि आपला डबा आपण खायचा नाही. त्यामुळे तिच्या पुडांत दुसऱ्यांचं काहीतरी चिकटून यायचं. चिरनेरच्या हरेशच्या बायकोची जवळ्याची चटणी तर हटकून. वेणू त्यावर कुरकुरायची, मी कुनासाठी मोजून भरते मग? हल्ली दुसऱ्यांचं काही चिकटून येत नसे. उष्टं असायचं ते फक्त तिच्याच बिरड्याचं. सांगितलेलं एकदाचं ऐकलं, म्हणून ती मनात सुखावली होती.

शेवटी तिने अंकिताला फोन लावला.

"आई, आधी कुठल्या वारी जास्त यायची?"

"रविवारी. घरात बसल्यावर."

"आणि आता?"

"आता रोजच..." वेणू म्हणाली आणि थांबली. मशीनच्या मते घरात महिनाभर रोज रविवारच चालू होता.

गोरखचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. तो फोनवर आधी गोंधळला. "वयनी, तुमाला म्हाईत नाय? भाऊंना तर गनपती झाल्या झाल्याच कामावरनं बंद केलं. नवा सायब आलाय, साखरवाली मानसं नको म्हनला, वर पडलं-झडलं तर कोन निस्तरनार. मी भांडलो, वयनी. खरंच भांडलो." मग हळू आवाजात, "एसटी स्टँडवर दिसतात कवा कवा. मी हाक मारली तर तोंड फिरवतात."

घरखर्च दर आठवड्याला पहिल्यासारखाच हातात येत होता. फंडातून काढून दिलेल्या पैशांवर काही निराळा शिक्का नसतो.

दुसऱ्या दिवशी सुकट आणायची आहे असं सुमतीला सांगून वेणू पनवेलला गेली. एक वाजला होता. स्टँडच्या मागच्या बाजूला, जिथे पेणच्या गाड्या लागतात, तिथल्या बाकावर तुळशीराम बसला होता. कामावरचं पिवळं हेल्मेट शेजारी. त्याने तिन्ही पुडं उघडून बाकाच्या मधोमध मांडली होती आणि स्वतः एका टोकाला बसला होता. दुसऱ्या टोकाला कोणी बाई पिशवी घेऊन बसली होती.

"घ्या, बिरडं हाय," तुळशीराम तिला म्हणाला.

बाईने पिशवी छातीशी धरली आणि उठून पलीकडे गेली.

तो मग जेवला. भाकरीने पुडं पुसून पुसून जेवला. तीनही भाकऱ्या, अंडं, भात, सगळं. दिवसभर ओझी उचलणाऱ्या माणसाचं जेवण तो बाकावर बसून जेवला, कारण ते वेणूने रांधलं होतं आणि उरवून घरी नेलं असतं तर तिने विचारलं असतं.

वेणू खांबाआडूनच मागे फिरली. सुकट आणायची राहिली. घरापर्यंत ती चालत आली. रिक्शात बसली असती तर रिक्शावाल्याने आरशातून तिचं तोंड पाहिलं असतं.

पहाटे डबा भरायला बसली तेव्हा हात चालेना. कालच्यासारखा भरावा, तर हा माणूस तिच्याच हातचं खाऊन पाय गमावणार. कमी भरावा, तर तुला कोणी कामावर ठेवत नाही हे त्याच्या तोंडावर सांगितल्यासारखं होणार. तिने एक भाकरी काढली. परत ठेवली. परत काढली. शेवटी एक भाकरी, बिरडं आणि काकडीच काकडी अशी भरून तिने झाकण लावलं.

तुळशीरामने डबा उचलला आणि तो उंबऱ्यातच थांबला. तीस वर्षं ओझी तोलणारा हात होता तो.

"आज रविवार हाय?" त्याने विचारलं.

"नाय. बुधवार."

तो ओट्यावर बसला. पायाच्या बोटांकडे बघत त्याने विचारलं, "कोन बोल्ला? गोरख?"

"आधी मशीन बोल्ली."

"मी सांगनार होतो."

"म्हाईत हाय."

"बाय म्हनलो ना मी त्याला त्या दिवशी, तवाच समजलो होतो, आपलं काम जानार. हसले सगळे. मीपन हसलो." त्याने डबा बाजूला सरकवला. "आता तू भरू नको. घरात जेवीन."

वेणूला हेच हवं होतं. रोज गरम वाढता आलं असतं, मोजून वाढता आलं असतं. पण घरात म्हणजे या ओट्यावर, आणि ओट्यासमोरून सगळं गाव जाणार. छप्पन वर्षांत हा माणूस आजारी पडल्याशिवाय दिवसाउजेडी ओट्यावर बसलेला कोणी पाहिला नव्हता.

"उठा," ती म्हणाली. "स्टँडपर्यंत चालत जा. रिक्शा नाय, एसटी नाय. येतानापन चालत. चालल्याने उतरते साखर, डॉक्टरीणबाई बोल्ल्यात. आनि मोजे घाला, पायाला लागेल."

तुळशीराम मुकाट्याने मोजे घालू लागला. तेवढ्यात कुंपणापलीकडून सुमतीने मान वर काढली.

"भाऊ, आज उशीर? गाडी गेली ना तुमची?"

तुळशीराम मोज्यावर वाकला.

"गाडी आजपासून पुढच्या नाक्यावर येनार हाय," वेणू म्हणाली. "चालत जायला सांगितलंय सगळ्यांना."

"आता काय बाय, या वयात!"

"काम हाय म्हंजी जावं लागतं," वेणू म्हणाली, आणि डबा उचलून नवऱ्याच्या हातात दिला.