कमरुद्दीन यांची जागा आणि हौशीरामची हनुवटी

सोमवार, दिनांक १२ नोव्हेंबर १९५६ रोजी दुपारी दोनच्या सुमारास बेल्ह्याच्या बैलबाजारातील कडुलिंबाखालून जुन्नरचे कमरुद्दीन हज्जाम यांना त्यांच्या धोकटीसह उठवण्यात आले. त्या जागी ते बावीस वर्षे बसत होते. उठवणारे गृहस्थ बाजाराचे ठेकेदार सावळेराम. कारण विचारले असता त्यांनी एवढेच सांगितले की, बाजारात वास नको. ज्या बाजारात आपले पुढचे पाऊल कशात पडेल याची शाश्वती खुद्द ठेकेदारांनाही नसते, त्या बाजारात गुलाबपाण्याच्या वासाला बंदी झाली. लेखी हुकूम दिला नाही. म्हणून घडले ते इथे क्रमाने लिहून ठेवले आहे.

वस्तऱ्याखाली डोळ्यांतून पाणी आले म्हणजे दाढी नीट झाली, अशी आपल्या भागातील पुरुषांची जुनी समजूत आहे. गार पाण्याचा हात गालावर फिरवायचा आणि वस्तरा चालवायचा, ही रीत. कमरुद्दीन यांना ती कधीच पटली नाही. वडिलांच्या हाताखाली शिकताना त्यांनी पहिली दाढी केली, तेव्हा गिऱ्हाईक रडत होते आणि वडील शाबासकी देत होते. त्या दिवसापासून न रडवता दाढी करण्याचा त्यांना ध्यासच लागला. ते आधी बोटाची मागची बाजू गालावर फिरवून केसांचा कल पाहत, उन्हात तापवलेल्या पाण्यात फडके बुडवून ते तोंडावर ठेवत आणि मगच वस्तरा पट्ट्यावर घासायला घेत. लोक म्हणत, चाचा दाढी करतात की पोटीस बांधतात.

अशा या माणसापुढे एकच गाल हरला नव्हता. तो निमगाव साव्याच्या हौशीरामचा. त्याची कातडी इतकी नाजूक की वस्तरा लागताच मानेवर पावट्याच्या दाण्यांएवढे फोड उठत आणि आठवडाभर त्याला मान वळवता येत नसे. त्यामुळे तो वर्षाकाठी दोनदाच दाढी करी. एरवी त्याच्या तोंडावर असे काही रान माजलेले असे की, पाळण्यातली मुले त्याला पाहून आईकडे झेपावत. आता त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. त्याची बायको कुशाबाई हिने निर्वाणीचे सांगितले होते की, पाहुण्यांना मुलगी दाखवायची आहे, अस्वल नाही.

कमरुद्दीन दिवाळीआधी पुण्याला गेले आणि एका दुकानात तासभर उभे राहून त्यांनी तीन वस्तू आणल्या: दाढीच्या क्रीमची एक नळी, दाढीनंतर लावायच्या निळ्या लोशनची बाटली आणि हिरव्या लोशनची दुसरी. घरी वाटीतला गोल साबण होताच. मग आठ दिवस त्यांनी स्वतःच्या तोंडावर परीक्षा मांडली. उजव्या गालाला वाटीचा साबण, डाव्याला नळीचे क्रीम. दुसऱ्या दिवशी गाल बदलायचे.

त्यांची पत्नी जोहराबी चुलीपाशी बसून हे पाहत असे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आज कंच्या गालाशी बोलू?"

"डाव्याशी बोल. उजवा आग करतोय."

"साबणाचा ना? त्यो फेस भाकरी पलटेस्तवर वाळतो. मी इथनं बघते ना."

बाई बरोबर बोलत होती. वाटीतल्या साबणाचा फेस उंच येई, पण वस्तरा हनुवटीपर्यंत पोचण्याआधीच सुकून जाई. क्रीम हरभऱ्याएवढेच घ्यायचे, ब्रश गरम पाण्यात भिजवून झटकायचा आणि गालावर गोल गोल फिरवायचा. मग तो फेस बसून राही, आणि वस्तरा असा घसरे की आपल्याला दाढी आहे की नाही अशी शंका यावी. लोशनांचा निकालही तसाच लागला. निळ्यात स्पिरिट होते. ते लावताच कमरुद्दीन यांनी अंगणाला दोन फेऱ्या मारल्या. हिरव्याने गाल इतके गार पडले की त्यांनी भर दुपारी कानांना मफलर गुंडाळला.

"आता तुरटीच बरी," ते म्हणाले.

"तुरटी त्या हौशीरामभाऊंना झोंबंल. गुलाबपाण्यात गिलिसरीन घाला. मी टाचांना लावते, कवा झोंबलंय का?"

अशा रीतीने पुण्याच्या दोन बाटल्या फडताळात गेल्या आणि जोहराबीच्या टाचांचे औषध धोकटीत आले.

बारा तारखेला हौशीरामने आपला पाखऱ्या बैल विकायला आणला. डिंभ्याकडचे भिमाजी नावाचे शेतकरी दात पाहून, पाठीवर थाप मारून तयार झाले. हौशीरामने बैल खुंटाला बांधला, "दाढी करून आलो, मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवू," असे सांगितले आणि तो कडुलिंबाखाली येऊन बसला.

गरम फडके झाले, क्रीम झाले, केसांच्या कलानेच वस्तरा फिरला. हौशीरामने सवयीने डोळे मिटून दात आवळले होते. थोड्या वेळाने त्याने विचारले, "चाचा, कवा सुरू करताय?"

"झाली, भाऊ."

त्याने हनुवटी चाचपली. पुन्हा चाचपली. मग तो हसू लागला, ते त्याला आवरेना. कमरुद्दीन यांनी त्याच्या गालांवर जोहराबीचे गुलाबपाणी आणि ग्लिसरीन चोळले आणि बजावले, "आता अर्धा तास तोंड उघडायचं न्हाई. बोललं की कातडी ताणते. झाडाची सावली त्या धोंड्याला लागंस्तवर गप ऱ्हायचं."

वीस वर्षे फोड सोसलेल्या माणसाला हे व्रतासारखे वाटले. तो ओठ मिटून निघाला, पण चालणे त्याचे नाचण्यासारखेच होते.

खुंटाजवळ येताच पाखऱ्याने फुरफुरून मान फिरवली. गुळगुळीत तोंडाचा, फुलासारखा वास येणारा हा मुका माणूस त्याच्या ओळखीचा नव्हता. हौशीरामने दाव्याला हात घातला, तशी त्याने शिंग उगारले.

भिमाजी म्हणाले, "पावणं, हात काढा. बैलाचा मालक दाढीवाला व्हता."

हौशीरामने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले.

"म्हंजे तुमी? मग बोला की राव. नाव काय तुमचं?"

हौशीरामने ओठ आणखी घट्ट मिटले. त्याने वळून कडुलिंबाची सावली पाहिली. ती धोंड्यापासून अजून हातभर लांब होती. त्याने हाताने 'जरा थांबा' अशी खूण केली आणि पुन्हा सावली पाहिली.

"पळायची वाट बघतोय," गर्दीतून कोणी म्हणाले.

"मुका चोर पैल्यांदाच बघितला."

"अत्तर लावून आलाय. सासुरवाडीचा बैल असंल."

सावळेराम पावतीबुक काखेत मारून आले आणि त्यांनी हौशीरामचे मनगट धरले. तो गालसुद्धा हलू न देता डोळ्यांनी विनवू लागला. तेव्हा कोणीतरी कडुलिंबाखाली निरोप नेला. कमरुद्दीन हातातल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या फेसात सोडून धावले. ते गिऱ्हाईकही मागोमाग आले.

"हौशीरामभाऊ, बोला. अवो, सांगा ह्यांना."

हौशीरामने सावलीकडे बोट दाखवले.

"राहू द्या सावली. मी सांगतो, बोला."

"तुमीच म्हणला गप ऱ्हा," हौशीराम म्हणाला. "आरं पाखऱ्या, मीच हाय की रं."

बैलाने कान टवकारले. तो पुढे आला, त्याने मालकाचे तोंड हुंगले आणि ग्लिसरीनची गोडी कळताच उजवा गाल मुळापासून चाटला. मग डावा. मग पुन्हा उजवा. त्या खरबरीत जिभेखाली हौशीराम हसत होता, ओरडत होता, बैलाच्या गळ्यात पडत होता. अर्धा फेस लावलेले गिऱ्हाईक हसता हसता खाली बसले. भिमाजींनी डोळे पुसत सौदा केला आणि जाताना विचारले, "चाचा, पुढल्या सोमवारी मला बी लावता का ते? घरी चार बैल हायत."

सारा बाजार हसला. सावळेराम हसले नाहीत. भर बाजारात त्यांनी मालकालाच चोर म्हणून धरले होते. कोणावर तरी राग काढणे त्यांना भाग होते. वासाने जनावरे बिथरतात, असे म्हणून त्यांनी कमरुद्दीन यांची धोकटी स्वतःच्या हाताने उचलली आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कातडी वाळत घालतात, तिथे नेऊन ठेवली.

मंगळवारी सकाळी कमरुद्दीन पहिल्या गाडीने निघाले आणि उरलेली वाट चालून निमगाव साव्याला पोचले. गेलेल्या जागेपेक्षा त्यांना एका मानेची काळजी अधिक होती. त्यांनी हौशीरामला उन्हात बसवले आणि बोटाची मागची बाजू मानेवरून, हनुवटीवरून सावकाश फिरवली. एकही फोड नव्हता. बैलाने चाटलेले गाल तेवढे लाल होते. कुशाबाईने चहा आणला आणि नवऱ्याकडे पाहत ती म्हणाली, "चाचा, लगीन झालं तवा असंच दिसत व्हते. मी इसरूनच गेले व्हते." परतीच्या वाटेवर पन्नाशीचे कमरुद्दीन गुणगुणत होते.

तो आनंद पुढच्या सोमवारपर्यंत टिकला. तो धरून तीन सोमवार ते कातड्यांशेजारी बसले आहेत. तिथे गरम पाण्याला चूल मांडू देत नाहीत. क्रीमचा फेस गालावर चढतो न चढतो तोच त्यावर माश्या बसतात, आणि माशी हाकलायला गिऱ्हाईक मान हलवते. पहिल्या गिऱ्हाइकानंतर ज्यांच्या हातून कोणाला रडू आले नाही, त्यांच्या वस्तऱ्याखाली गेल्या सोमवारी निमगावचा एक म्हातारा रडला. कमरुद्दीन यांनी त्याची क्षमा मागितली आणि वस्तरा मिटला. आपण आता बाजाराला येणार नाही, असे त्यांनी घरी सांगितले आहे. जोहराबीने धोकटी मात्र अजून खुंटीला टांगलेली नाही.

वाचकहो, येत्या सोमवारी, दहा डिसेंबरला, दाढी वाढवून बेल्ह्याला या. कडुलिंबाखाली बसा. सावळेराम आले तर उठू नका, आणि कमरुद्दीन यांची जागा त्यांना परत द्या, असे त्यांना तोंडावर सांगा.