प्रकृतीच्या कारणास्तव

बडोद्यात आमच्या साडूंइतका जिवाला जपणारा माणूस आजवर झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. सावली गावाकडच्या एका रसायनांच्या कारखान्यात उभा जन्म त्यांनी सुरक्षा अधिकारी म्हणून काढला, आणि निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला तरी अधिकार काही सुटला नाही. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी मांडवाच्या वायरी बघायचे. कुणाच्या घरी चहाला गेले तर यजमानीणबाई आधण ठेवेपर्यंत हे गॅसच्या नळीवरची तारीख वाचून मोकळे. उत्तरायणात पतंगाच्या दोऱ्यानं गळा कापू नये म्हणून इथले लोक स्कूटरला पुढे तारेची कमान लावतात आणि सण झाला की काढून ठेवतात. साडूंची कमान बारा महिने. भर वैशाखात, आभाळात कावळासुद्धा नसताना, हे त्या कमानीमागून गंभीर चेहऱ्यानं भाजी आणायला जायचे. लहरीपुऱ्यात साडी घ्यायला गेले तर दुकानाला मागचं दार आहे का ते आधी विचारणार. एकदा तिथला दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, आग लागशे त्यारे जोइशुं, अत्यारे साडी तो जुओ!" आग लागेल तेव्हा बघू म्हणणाऱ्या त्या दुकानातून साडू तसेच परत फिरले. त्यानंतर ताई साड्या एकट्यानंच आणायला लागल्या.

तंबाखूचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. सोसायटीचा वॉचमन मसाला चोळताना दिसला की त्याच्या हातातून पुडी काढून घ्यायचे आणि त्याला जबड्याच्या कॅन्सरचं असं रसभरीत वर्णन ऐकवायचे की तो बिचारा दोन दिवस जेवताना आरशात बघायचा. द्राक्षं मिठाच्या पाण्यात, चहा काचेच्या कपात, फरसाण कागदावर तेल टिपून. आणि एवढं सगळं सांभाळून हा माणूस रोज संध्याकाळी सात वाजता व्हिस्की प्यायचा.

तुम्ही म्हणाल, गुजरातेत दारू? तर साडूंकडे परमिट होतं. इथे तब्येतीला गरज आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं की सरकार रीतसर परवाना देतं. साडूंच्या कागदावर निद्रानाश असं कारण होतं. खरं म्हणजे त्या काळात ते सिनेमागृहात बसल्या बसल्या घोरायचे, पण ते असो. पुण्याचे पाहुणे आले की साडू ते परमिट कौतुकानं दाखवायचे. "बघा, तुम्ही पिता ते व्यसन. मी पितो ते औषध. काय समजलात?" ग्लासही साधा नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेतलं जुनं मोजपात्र होतं, त्यात डोळ्यांच्या रेषेत धरून माप घ्यायचं. "मापात असलं की कशाचाच धोका नसतो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आम्ही हसायचो. ताईसुद्धा हसायच्या, शेंगदाणे भाजून द्यायच्या.

मग एका रविवारी सेव-उसळ खाताना त्यांच्या घशात पावाचा तुकडा अडकला. पाव शिळा आहे म्हणाले. पुढच्या आठवड्यात भात अडकला, तेव्हा तांदूळ बदलला. पाणी अडकायला लागलं तेव्हा मात्र बदलण्यासारखं काही उरलं नाही. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. तपासणीच्या वेळी मी बरोबर होतो. डॉक्टरीणबाई वयानं लहान, आमच्या लेकीएवढ्या. त्यांनी विचारलं, "काका, तंबाखू?" साडू जवळजवळ रागावलेच. "छे!" "सिगरेट?" "कधीच नाही." "दारू?" साडूंनी ताठ बसून सांगितलं, "परमिट आहे."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, परमिट पोलिसांना दाखवायचं. अन्ननलिकेला ते वाचता येत नाही."

मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. दारू कॅन्सरला कारणीभूत ठरते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडं, बायकांत स्तनसुद्धा. परवान्याची असो की चोरून आणलेली, महाग असो की स्वस्त. अमुक मापापर्यंत काहीच धोका नाही, असं माप कुणाला सापडलेलं नाही. साडू खिडकीबाहेर बघत होते. बाहेर आल्यावर जिना उतरताना म्हणाले, "पस्तीस वर्षं त्या कारखान्यातली वाफ हुंगली. तिचं नाव नाही घेतलं बाईंनी." माणसाला दोष ठेवायला कारखाना मिळाला तर तो बाटलीला कशाला ठेवील?

उपचार झाले. केमो, किरणांचा शेक, मग ऑपरेशन. साडू निम्मे झाले, आवाज खरबरीत झाला, पण वाचले. घरी सोडताना बाईंनी पुन्हा बजावलं, "एकदा हा आजार होऊन गेलेल्या माणसानं तर एक थेंबही घ्यायचा नाही. दुसरा कॅन्सर तोंडात, घशात, कुठेही उठू शकतो." साडूंनी मान डोलावली. ताईंनी मोजपात्र भंगारात दिलं.

पुढचं स्कॅन स्वच्छ आलं, त्या संध्याकाळी त्यांचे कारखान्यातले जुने दोस्त अभिनंदनाला आले आणि दमणहून आणलेली बाटली घेऊन आले. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला भेट म्हणून दारू! शेजारी पेढ्यांचा डबाही होता, म्हणजे हेतू शुभच. "अरे, मोतने हरावीने आव्यो छे, थोडी तो ले!" मरणाला हरवून आलेल्या साडूंनी थोडी घेतली. मग रोजच थोडी. परमिटची मुदत संपली होती, ते नव्यानं करून आणलं. सही करणाऱ्या डॉक्टरला त्यांनी कॅन्सरची फाईल दाखवलीच नाही. कारण पुन्हा निद्रानाश.

फरक एवढाच की या वेळी ते खरं होतं. मी भांडायला गेलो तेव्हा त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि त्या फाटक्या आवाजात सांगितलं, "झोप येत नाही हो. गिळताना जरा टोचलं की वाटतं, आला परत. कारखान्यात भोंगा वाजला की कुठे पळायचं ते ठाऊक असायचं. इथं कुठे पळू? दोन घोट घेतले की तेवढा वेळ भोंगा बंद होतो." जिनं भीती आणली तिच्याकडेच भीतीचं औषध मागायला हा माणूस जात होता. मला त्यांची कीव आली आणि त्यांना हलवून जागं करावंसंही वाटलं. दोन्ही न करता मी खाली उतरलो.

केलं ते ताईंनी. एके संध्याकाळी मी आणि माझी बायको तिथेच होतो. साडूंनी ग्लास भरला. ताई स्वयंपाकघरातून दुसरा ग्लास घेऊन आल्या, समोर बसल्या आणि बाटली उचलून त्यात ओतू लागल्या. उभ्या आयुष्यात ज्यांनी कोकमापलीकडे काही घेतलं नाही, त्या ताई. माझी बायको "ताई, अगं!" करत उठली. ताईंनी ग्लास तोंडाला लावला तसं साडूंनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं. दारू टेबलभर सांडली.

"वेड लागलंय का तुला?"

"का? मापात आहे की."

"ठेव ते खाली!"

"काय होतं प्यायल्यानं? सांगा ना. सगळ्या गावाला सांगता, मला सांगा."

साडूंनी त्यांचं मनगट सोडलं. मग म्हणाले, "कॅन्सर होतो."

तो शब्द त्यांनी दारूच्या संदर्भात पहिल्यांदा उच्चारला. ताईंनी ग्लास ठेवला आणि पदरानं हात पुसले. "मग तुम्हाला ठाऊक होतं," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. साडूंनी बाटली मोरीत रिकामी केली, आणि त्यानंतर खरोखरच थेंब घेतला नाही. झोपेसाठी ताईंनी त्यांना त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी गोळी दिली, बोलायला एक समुपदेशक दिला, आणि साडू पुन्हा हळूहळू लोकांच्या गॅसच्या नळ्या तपासायला लागले.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला ती हसत सांगितली असती. दीडेक वर्षानं जिभेच्या कडेला पांढरा चट्टा उठला. तोही कॅन्सरच, असा तपासणीचा निकाल हातात आला त्या दुपारी कमाटीबागेतल्या बाकावर बसून त्यांनी मला विचारलं, "मधे परत प्यायलो, त्यामुळे झालं का हो?"

"कोण सांगणार?" मी म्हटलं.

"बाईंनाही विचारलं. त्याही म्हणाल्या, आधीच्या वर्षांतल्या पिण्यामुळे की नंतरच्या, हे सांगता येत नाही. थांबलात ते चांगलंच केलंत म्हणाल्या." त्यांनी निकालाच्या कागदाची घडी करून खिशात ठेवली. "आधी थांबलो असतो तर निदान हा प्रश्न तरी राहिला नसता."

या खेपेला शरीरात झुंजायला काही शिल्लक नव्हतं. गेल्या होळीच्या सुमारास ते गेले. ते दमणवाले दोस्त स्मशानात सगळ्यात मोठ्यानं रडले; खोटं नव्हतं ते रडणं, म्हणूनच मला सोसवलं नाही.

परवा ताईंकडे गेलो होतो. दिवेलागण झाली होती. त्यांनी चहा ठेवला आणि घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, सात वाजले की मला अजून संताप येतो त्यांचा."

मी म्हटलं, "सोडा आता, ताई. कमी होईल हळूहळू."

"नको," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "राग आला की तेवढा वेळ ते इथेच, समोर बसलेत असं वाटतं."