वखारीच्या भिंतीची चीर

रविवारपासून सालोमी सातपुतेचा पाय घरात ठरत नव्हता. चहा ठेवायची आणि दारात जाऊन उभी राहायची. चहा उतू जायचा. भांडी घासायला घ्यायची, दोन झाली की राखेचे हात तसेच घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची. टोकाला चंद्राबाईचं घर. तिथवर जायची आणि वळायची.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बावीस वर्षं ती पाला निवडत आलेली. बाई खमकी. ख्रिस्ती म्हणून कुणी वाकडं बोललं तर तिथल्या तिथं ऐकवणारी, आणि कुणाचं पोर आजारी पडलं की न बोलावता जाऊन उशाशी प्रार्थना करणारी. बायका थट्टा करायच्या, "सालूआक्का, तुझ्या देवाला सांग की, मुकादम जरा गोड बोलू दे." ती म्हणायची, "सांगते, पर मुकादम त्याचंबी ऐकायचा न्हाय."

गेल्या गुरुवारी त्या वखारीची मागची भिंत कोसळली. सात बायका गेल्या. सालोमी त्या दिवशी बेळगावला, कॅम्पातल्या चर्चमध्ये महिला मंडळाच्या मेळाव्याला गेली होती. भिंतीकडची तिची जागा मोकळी होती आणि तिथं वारा लागायचा, म्हणून चंद्राबाईची सून मनीषा तिथं बसली. चंद्राबाई आणि सालोमी एकाच दिवशी वखारीत कामाला लागलेल्या. बावीस वर्षं एका डब्यात जेवलेल्या.

रविवारी निपाणीच्या चर्चनं मेलेल्यांसाठी सभा ठेवली. पाळकांनी सातही घरांना बोलावलं, आणि एवढ्या दुःखात ती माणसं आली. गाणं झालं, प्रार्थना झाली. मग पाळक सवयीनं म्हणाले, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" साक्ष म्हणजे आठवडाभरात देवानं आपलं काय भलं केलं, ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. सालोमी दर रविवारी उठणारी, जिभेला वळणच पडलेलं. ती उठली आणि बोलून गेली, "प्रभूनं माझा हात धरून मला त्या दिवशी बेळगावला नेलं. न्हायतर माझंच मढं निघालं असतं. त्याचा धन्यवाद."

मागच्या बाकावरून चंद्राबाई उठली. आवाज चढवला नाही तिनं. "सालू, मग माझ्या मनीषाचा हात त्यानं का सोडला गं?" एवढं विचारून ती बाहेर पडली. तिच्यामागं बाकीची घरंही उठली.

संध्याकाळी सालोमी पाळकांकडं गेली. ते म्हणाले, "चूक माझीही आहे. आज साक्ष मागायलाच नको होती. त्यांच्याबरोबर रडायचं सोडून आपण आपलंच सांगत बसलो." भला माणूस, स्वतःवर घेतलं त्यानं. पण सालोमीच्या जिवाला थारा मिळेना, कारण पाळकांना अर्धंच ठाऊक होतं.

भिंत पडायच्या पंधरा दिवस आधी तिनं तिला गेलेली चीर बघितली होती. बोट आत जाईल एवढी. दुसऱ्या दिवशी तिथं पोत्यांची थप्पी लागली आणि चीर झाकली गेली. मुकादमाला विचारावं, तर तो म्हणणार, भ्या वाटतंय तर घरी बस. बायकांना सांगावं, तर काम बंद पडणार आणि नाव हिचं येणार. मग हिनं काय केलं? 'प्रभू, वखारीच्या भिंतीपासून आम्हाला राख' अशी चिठ्ठी लिहून चर्चमधल्या प्रार्थनेच्या पेटीत टाकली. देवावर सोपवलं म्हणे. सोपवलं डोंबलाचं! भ्याली होती ती, आणि त्या भीतीला विश्वास म्हणत होती. पेटीत चिठ्ठी पडल्यावर किती हलकं वाटलं होतं, हे आठवलं की तिला स्वतःची शिसारी यायची.

बुधवारी ती गल्लीच्या टोकावरून वळली नाही. आत गेली. चंद्राबाई जमिनीवर बसलेली, मांडीवर मनीषाची तीन वर्षांची आरोही. चंद्राबाई "ये" म्हणाली नाही. सालोमीनं बायबल आणलं नव्हतं. उभ्याउभ्याच तिनं सगळं सांगून टाकलं, चीर, पोती, चिठ्ठी, सगळं.

चंद्राबाईनं नातीला मांडीवरून खाली उतरवलं. मग म्हणाली, "उद्या तहसील कचेरीत भिंतीची चौकशी हाय. मालकाची माणसं येणार. तिथं बोलशील?"

"काम जाईल गं माझं."

"माझी सून गेली."

दुसऱ्या दिवशी कचेरीत मुकादम हात जोडून सांगत होता, "साहेब, भिंत धडधाकट हुती. वळीव लई झाला. देवाची करणी, त्याला कोण काय करणार?" साहेब ते कानडीत लिहून घेत होते. सालोमीला बसवेना. ती उठली.

"साहेब, ह्यात देवाचं नाव लिहू नका. भिंतीला पंधरा दिस चीर हुती. मी बघितलती. तिथं पोती लावून झाकलती."

साहेबांनी मान वर केली. "मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"देवाला सांगितलं. माणसांना सांगायला भ्याले. तो दोष माझा हाय, तोबी लिहा. पर चिरीचं आधी लिहा."

मुकादम डोळे वटारून बघत होता. साहेबांनी त्याचं लिहिलेलं पान बाजूला ठेवलं, नवा कागद घेतला आणि चीर कुठं होती, किती होती, पोती कुणी लावली, एकेक विचारायला लागले. तिनं सांगितलं आणि खाली सही केली.

बाहेर पायरीवर चंद्राबाईनं तिला गाठलं. "हेच पंधरा दिस आधी बोलली असतीस, तर माझी मनीषा आज घरात असती."

सालोमीला शेकडो वचनं पाठ होती. त्यातलं एकही तिनं काढलं नाही. "व्हय, आक्का," म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसून हमसून हमसून रडली. चंद्राबाई तिच्याजवळ बसली नाही, पण तिचं रडणं सरेपर्यंत तिथून हललीही नाही.