फुंकायचं नाही, ओढायचं

चढावर दम लागला की ती दुकानांच्या पाट्या वाचत थांबायची. आपल्या दुकानात खोकल्याची उबळ आली की मुद्दाम हातातला चिमटा पाडून खाली वाकायची. ‘दम’ हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. ‘जरा टेकते’ म्हणायची. आणि पेनाचं टोपण असो की सरबताची नळी, तोंडात गेली की आधी फुंकायची.

जन्म सोनारकामात गेला. फुंकणीने ज्योत वळवून तिने दागिने जोडले. त्या धुराने फुफ्फुसं खाल्ली.

मी शेजारच्या खोलीत राहून एमए करत होते. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला ‘एमए’. आमची मैत्री होती.

डॉक्टरांनी तिला पावडरचा इनहेलर दिला होता. कॅप्सूल घालायची, भोक पाडायचं, जोरात श्वास ओढायचा. तरी दम वाढतच गेला. मुलाने परस्पर ठरवलं: दुकान बंद, घरात वाफेचं मशीन, खिडकीपाशी खुर्ची.

“म्हणजे मला शोभेला ठेवणार?” ती म्हणाली.

तपासणीला आम्ही तिघं गेलो.

“कसा घेता, दाखवा बरं,” डॉक्टर म्हणाले.

तिने इनहेलर ओठांत धरला आणि फुंकला. पांढरी पूड डॉक्टरांच्या टेबलावर.

“अहो आजी, ओढायचं!”

“तोंडाला ती सवयच नाही हो.”

“बघितलंस?” मुलगा म्हणाला. “आई, मशीनच बरं.”

“तू गप रे. चूक माझी आणि शिक्षा दुकानाला? डॉक्टर, दुसरं काही दाखवा.”

डॉक्टरांनी तिला नुसता श्वास ओढायला लावला. ओढ कमीच होती, पावडरला न पुरणारी. मग त्यांनी पंप काढला, त्याला प्लास्टिकची फुगीर नळी जोडली. दाबायचं आणि सावकाश श्वास घ्यायचा. या वेळी तोंडाने फुंकलं नाही.

“हा भोपळा चालेल,” ती म्हणाली.

“पण फुंकणी बंद,” डॉक्टर म्हणाले.

तिने भोपळा हातात फिरवून पाहिला.

“आग सोडते. दुकान नाही.”

त्यानंतर ती मोती ओवू लागली, हूक बदलू लागली. भोपळा पिशवीत असायचा. मुलाने आणलेल्या खुर्चीवर तिने धुतलेले कपडे रचले.

थंडीत न्यूमोनिया झाला. दुकानातूनच तिला उचलून नेलं. ती परत आली नाही. मला अजून खरं वाटत नाही.

काल मुलाने दुकान उघडलं. मी सोबत होते. मोत्यांचा सर अर्धा ओवलेला. उरलेले मोती वाटीत. पुढच्या मोत्यात सुई अर्धी शिरलेली.