दोन अक्षरांच्या मधल्या फटीत

दत्ता गेला तेव्हा त्याच्या दुकानातला कॉम्प्युटर चालू होता.

माझ्यासाठी.

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ त्याचं दुकान. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, दाखले. त्याचं गाव मांडवगण फराटा. तिथल्या शाळेत मी आणि माझी बायको, दोघंही शिकवायचो. दत्ता आमचा विद्यार्थी. त्याचे केस पिकले तरी त्याला आम्ही गुरुजी आणि बाई.

बाईला जाऊन बरीच वर्षं झाली. आवाज उरलाय तो एका कॅसेटवर. वर्गात चाल लावून कविता म्हणतेय. पण पंख्याची घरघर एवढी, की ती विहिरीच्या तळातून बोलतेय असं वाटावं.

दत्ता म्हणाला, "द्या इकडं. सॉफ्टवेअर आलंय आता. घरघर वेगळी, बाई वेगळ्या."

मशीन जुनं, काम जड. त्यात ॲडमिशनचा सीझन.

मी रोज जाऊन स्टुलावर बसायचो. "कवा व्हईल रे?"

"चालू हाय की, बाकीच्या कामांच्या मागं."

एकदा चिडलोच. "गुरुजी हाय मी तुझा. माझं पुढं घे की!"

"घेतो. बघाच मग गंमत."

त्यानं माझ्या कामाची प्रायॉरिटी वर केली.

समोर एक मुलगी फॉर्म भरत होती. अक्षर उमटेना. ती बटण दाबतेय, दाबतेय. मग सगळी अक्षरं एकदम धबाधबा पडली.

"ओ दादा! माझं नाव बघा काय झालंय!"

"त्या गुरुजींना विचार," दत्ता म्हणाला.

माझं काम पुन्हा खाली ढकलून त्यानं मला शिकवणी दिली.

"प्रोसेसर थोडा, कामं ढीगभर. कुणाला कवा सोडायचं ते शेड्युलर ठरवतो. हिचा फॉर्म म्हंजी गिरणीतला डबा. काम चिमूटभर, पण माणूस समोर ताटकळतंय. तुमची कॅसेट म्हंजी पोतं. पोतंवाला डबेवाल्याला पुढं सोडतो का न्हाई? तसंच. हिनं बटण दाबलं की हिला लगेच आत. ही थांबली की तुमचं दळण चालू."

"म्हणजे बाईचं काम दोन अक्षरांच्या मधे चालतं?"

"व्हय. तुम्ही शिकवायचा की, कवितेच्या ओळीत मधीच थांबायचं. काय म्हणतात त्याला?"

"यती."

"हां. आपल्याला ती एवढीशी. मशीनला लई मोठी."

मग दुपारभर मी लोकांची बोटं बघत बसलो.

एक आप्पा आपलाच मोबाईल नंबर विसरले. डोकं खाजवत राहिले.

मला वाटलं, आत्ता. आत्ता तिचा एक शब्द वर आला असेल.

परवा संध्याकाळी दत्ता म्हणाला, "आज मशीन बंद करत न्हाई. गिऱ्हाईक न्हाई, काय न्हाई. सलग दळू द्या."

शटर ओढलं. गाडीला किक मारून मांडवगणला गेला.

पहाटे छातीत दुखलं. दौंडला नेईपर्यंत संपलं.

काल दुकान उघडलंच नाही. कुणी फॉर्म भरला नाही, कुणी काही स्कॅन केलं नाही. सगळा प्रोसेसर कॅसेटला.

आज त्याची बायको मंगल कागदपत्रं न्यायला आली. तिचा फोन आला.

"गुरुजी, पडद्यावर काय तरी आलंय. तुमचं झालं वाटतं."

गेलो. हेडफोन लावला.

पंखा नव्हता. ती होती. श्वास घेतलेला सुद्धा ऐकू येत होता.

मला काहीच वाटलं नाही. रडू नाही, आनंद नाही. हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

मंगल दारात उभी होती. म्हणाली, "यांचा आवाज हाय का त्यात?"

"नाही गं. तो त्या वर्गात नव्हता."

तिनं मोबाईल काढला. दत्ताचे व्हॉइस मेसेज. एक लावला. मग त्याच्या आधीचा. मग त्याच्याही आधीचा.

"गिऱ्हाईक हाय. उशीर व्हईल. तू जेवून घे."

"अजून दोघंजणं हायेत गं. जेवून घे."

"तू घे जेवून."

सगळे तसलेच.

शेजारच्या चहावाल्यानं घरून भात आणला होता. तिथंच टेबलावर मंगलला चार घास खायला लावले.

दत्ता, ती जेवली रे.

तू नीट जा.